न लिहिलेल्या पटकथेची प्रतीक्षा

इतिहासाच्या व्याख्यानास येणाऱ्या श्रोत्यांची अपेक्षा बहुधा ठरलेली असते. लढाया, तहनामे, राज्यकर्त्यांचा पत्रव्यवहार, फार तर एखाद्या सामाजिक चळवळीची हकीकत कानांवर पडेल, अशा तयारीने ते येतात. त्या मानाने आज आम्ही निवडलेला विषय कोणास हलका वाटेल. विषय आहे एका हेरपटाच्या पुढील भागाच्या प्रतीक्षेचा. त्यातही ज्याची पटकथा अद्याप लोकांपुढे आलेली नाही, अशा भागाच्या प्रतीक्षेचा. परंतु लाखो माणसे साठ वर्षांहून अधिक काळ एकाच गोष्टीची पुनःपुन्हा वाट पाहत असतील, तर त्या वाट पाहण्यालाही इतिहास असतो आणि तो तपासून पाहण्याजोगा असतो, असे आम्हांस वाटते.

प्रारंभ अगदी अलीकडच्या प्रसंगापासून करू. सन २०२१ च्या सप्टेंबर महिन्याच्या अखेरीस लंडनमध्ये 'नो टाइम टू डाय' हा जेम्स बाँडचा पंचविसावा चित्रपट प्रथम दाखविण्यात आला. शेवटी एका बेटावर क्षेपणास्त्रांचा वर्षाव होतो आणि बाँड मरतो. सुमारे साठ वर्षांत असे कधी घडले नव्हते. प्रेक्षक सुन्न होऊन बसले असता पडद्यावरून नामावली सरकू लागते आणि तिच्या अगदी अखेरीस नेहमीचीच ओळ येते: जेम्स बाँड परत येईल. आता मेलेला मनुष्य परत कसा येणार? या प्रश्नाचे उत्तर नटाजवळ नाही, छायालेखकाजवळ नाही, संगीतकाराजवळही नाही. ते फक्त पुढील पटकथा लिहिणाऱ्याजवळ आहे. म्हणून त्या दिवसापासून बाँडचे चाहते नव्या नटाच्या नावाबरोबरच आणखी एक प्रश्न विचारू लागले: पुढची गोष्ट कोण लिहीत आहे?

पटकथा म्हणजे काय, हे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. कोणता प्रसंग कोठे घडतो, त्यात पडद्यावर काय दिसते, कोण काय बोलतो, हे क्रमवार नोंदलेले शंभर-सव्वाशे कागद म्हणजे पटकथा. ती लिहिली जाते, फाडली जाते, दुसऱ्याकडून दुरुस्त करविली जाते, चित्रण चालू असतानाही बदलली जाते. नाटकाची संहिता छापून निघते, वाचनालयात मिळते, हौशी मंडळी ती पुन्हा बसवितात. पटकथेच्या नशिबी हे क्वचित येते. चित्रपट पुरा झाला की तिचे काम संपले. अशा, डोळ्यांना कधी न दिसणाऱ्या वस्तूची लोक वाट पाहू लागले, हे नवल आहे. आणि ते एकाएकी घडलेले नाही.

या कथेचे मूळ छापील पुस्तकात आहे. इयन फ्लेमिंग हे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आरमाराच्या गुप्तवार्ता खात्यात अधिकारी होते. युद्धानंतर ते वृत्तपत्रात नोकरीस लागले, तेव्हा त्यांनी हिवाळ्यात लांब रजा मागून घेतली होती. ही रजा ते जमैका बेटावरील 'गोल्डनआय' नावाच्या आपल्या घरी घालवीत. तेथेच १९५२ साली त्यांनी बाँडची पहिली कादंबरी लिहिली. 'कॅसिनो रोयाल' या नावाने ती १३ एप्रिल १९५३ रोजी प्रसिद्ध झाली. पुढे हा क्रमच पडला. हिवाळ्यात जमैकात लेखन आणि पुढल्या वर्षी पुस्तक बाजारात. कादंबऱ्या बारा आणि कथासंग्रह दोन, अशी चौदा पुस्तके झाली. त्यांपैकी शेवटची दोन लेखकाच्या मृत्यूनंतर निघाली. दर वर्षी एक पुस्तक येणार, हे वाचकाला ठाऊक झाले आणि प्रतीक्षेला जणू पंचांग मिळाले. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांच्या 'झुंजार' आणि 'काळा पहाड' यांच्या कथांवर जी पिढी वाढली, तिला हा अनुभव समजावून सांगण्याची गरज नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कीर्तनात सीतास्वयंवराचे आख्यान लागले म्हणजे धनुष्य कोण मोडणार, हे पोरासोरांनाही ठाऊक असते. तरी मंडळी रात्री उशिरापर्यंत हलत नाहीत. कारण बुवा ते कसे सांगतात, यात त्यांचा जीव असतो. बाँडच्या वाचकाचेही तसेच होते. तो संकटातून सुटणार, हे पहिल्या पानापासून ठरलेले. उत्सुकता असे ती कसा सुटणार याची. ही 'कसा'ची उत्सुकता पुरविणे हे लेखकाचे काम. आणि पुढे चित्रपट निघू लागले तेव्हा हेच काम पटकथाकाराच्या गळ्यात पडले.

आल्बर्ट ब्रॉकली व हॅरी सॉल्ट्झमन या दोन निर्मात्यांनी १९६१ साली भागीदारी केली. त्यांना पहिला चित्रपट 'थंडरबॉल' या कादंबरीवर काढावयाचा होता. रिचर्ड मेबॉम या अमेरिकन नाटककाराने तिची पटकथाही लिहून दिली. परंतु ती कादंबरी न्यायालयाच्या दारात अडकली होती. ती हकीकत पुढे येईलच. म्हणून निर्मात्यांनी 'डॉक्टर नो' ही दुसरी कादंबरी हाती घेतली. तिच्या पहिल्या खर्ड्याची गोष्ट मोठी गमतीची आहे. मेबॉम व वुल्फ मँकोविट्झ या जोडीला मूळ खलनायक हास्यास्पद वाटला. म्हणून त्यांनी 'डॉक्टर नो' हे नाव एका माकडाला देऊन टाकले! ब्रॉकली यांनी तो खर्डा साफ नाकारला आणि कादंबरीतील खलनायक परत आणावयास लावला. मँकोविट्झ यांनी पुढे आपले नावही काढून घेतले. या निकालामागचे कारण उघड आहे. १९६२ सालच्या प्रेक्षकांत कादंबरी वाचून आलेले लोक पुष्कळ असणार होते. त्यांनी जे वाचले होते, ते पडद्यावर दिसावे, एवढीच त्यांची अपेक्षा होती. म्हणजे पहिल्या टप्प्यावर प्रतीक्षा होती ती इमानाची: ठाऊक असलेली गोष्ट पडद्यावर कितपत शाबूत राहते, याची.

'डॉक्टर नो' ५ ऑक्टोबर १९६२ रोजी लंडनमध्ये झळकला. त्याच्या पाठोपाठ वर्षभरात 'फ्रॉम रशिया विथ लव्ह' आला. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या आवडत्या दहा पुस्तकांची यादी 'लाइफ' साप्ताहिकाने मार्च १९६१ मध्ये छापली होती. तीत ही कादंबरी होती. त्यामुळे अमेरिकेतही तिच्याकडे लक्ष लागले. पटकथेत मात्र एक मोठा फरक करण्यात आला. कादंबरीत बाँडचा शत्रू सोव्हिएत हेरखाते आहे. चित्रपटात त्याच्या जागी 'स्पेक्टर' ही कोणत्याही देशाशी न बांधलेली गुन्हेगारांची टोळी आली. शीतयुद्धाच्या राजकारणात हात पोळून न घेण्याचा हा सावध मार्ग होता. याच चित्रपटाच्या अखेरीस प्रथम अशी सूचना झळकली की, हा पुरता शेवट नाही. बाँड पुढील कथेत परत येईल आणि त्या कथेचे नाव 'गोल्डफिंगर'. आमच्या मते या विषयाच्या इतिहासातील हा महत्त्वाचा क्षण होय. त्यापूर्वी लोक आपण होऊन वाट पाहत असत. आता निर्मात्याने त्यांना वाट पाहण्याचे आमंत्रण दिले आणि तारखेचा नसला तरी नावाचा वायदा केला.

१९६४ च्या 'गोल्डफिंगर'मध्ये तर पटकथेने वाचकाच्या शंकेलाच उत्तर दिले. कादंबरीत खलनायक अमेरिकेच्या फोर्ट नॉक्स येथील सरकारी सोन्याचा साठा लुटू पाहतो. एवढे सोने उचलून नेणार कसे, त्याला माणसे किती, वाहने किती, दिवस किती, ही शंका चाणाक्ष वाचकाला येणे साहजिक होते. मेबॉम आणि पॉल डेन यांनी ती शंका बाँडच्याच तोंडी घातली. तो खलनायकाला हिशेब करून दाखवितो की, हे अशक्य आहे. तेव्हा खरा बेत उघड होतो. सोने न्यावयाचेच नाही. अणुबाँबने ते किरणोत्सर्गी करून निरुपयोगी करावयाचे, म्हणजे खलनायकाजवळच्या सोन्याचा भाव चढेल. मूळ पुस्तकापेक्षा पटकथा सरस ठरल्याचे हे चांगले उदाहरण आहे. ज्यांनी पुस्तक वाचले होते, त्यांनाही नवे काही मिळाले. येथून प्रतीक्षेचा दुसरा टप्पा सुरू झाला: काय शाबूत ठेवतात यापेक्षा काय बदलतात, याची उत्सुकता.

आता त्या न्यायालयीन प्रकरणाकडे वळू. आमच्या विषयाचा गाभा तेथे आहे.

कादंबऱ्यांवर कोणी चित्रपट काढीना, तेव्हा १९५८-५९ च्या सुमारास फ्लेमिंग यांनी खास चित्रपटासाठी नवी कथा रचण्याचे मनावर घेतले. त्यांचे मित्र आयव्हर ब्राइस, केव्हिन मॅक्लोरी हे तरुण आयरिश निर्माते आणि जॅक व्हिटिंगहॅम हे अनुभवी पटकथाकार, असे मंडळ जमले. कथेचे अनेक खर्डे झाले. समुद्रतळ, पळवून नेलेले अणुबाँब, सरकारकडे मागितलेली खंडणी हे सारे त्यांत आकारास आले. पुढे पैशाची जुळणी होईना आणि योजना बारगळली. फ्लेमिंग नेहमीप्रमाणे जमैकात गेले आणि हिवाळ्याच्या त्या रजेत, हाताशी असलेल्या याच सामग्रीवरून त्यांनी 'थंडरबॉल' ही कादंबरी लिहिली. मार्च १९६१ मध्ये ती प्रसिद्ध झाली. मुखपृष्ठावर नाव एकट्या फ्लेमिंग यांचे. मॅक्लोरी व व्हिटिंगहॅम यांचा कोठे उल्लेखही नव्हता.

दोघे न्यायालयात गेले. प्रती आधीच वाटल्या गेल्या असल्याने न्यायालयाने प्रकाशन थांबविले नाही, परंतु दाव्याचा मार्ग मोकळा ठेवला. पुस्तक निघाल्यानंतर थोड्याच दिवसांत फ्लेमिंग यांना हृदयविकाराचा झटका आला. दावा लंडनच्या उच्च न्यायालयात २० नोव्हेंबर १९६३ रोजी उभा राहिला, तोपर्यंत व्हिटिंगहॅम वादी म्हणून बाजूला झाले होते. मॅक्लोरी एकटे लढले. नऊ दिवसांच्या सुनावणीनंतर तडजोड झाली. कादंबरी फ्लेमिंग यांची राहिली, परंतु पुढील आवृत्त्यांत ती तिघांनी मिळून केलेल्या चित्रपटकथेवर आधारलेली आहे, असे छापणे त्यांना भाग पडले. चित्रपटाचे हक्क मॅक्लोरी यांना मिळाले. १२ ऑगस्ट १९६४ रोजी वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी फ्लेमिंग वारले. अवघ्या महिन्याभराने प्रदर्शित झालेला 'गोल्डफिंगर' त्यांना पाहावयास मिळाला नाही.

या प्रकरणात कोण किती दोषी, याचा निवाडा करण्यासाठी आम्ही उभे नाही. फ्लेमिंग यांचे पात्र होते, त्यांची कीर्ती होती आणि ते आजारी होते. मॅक्लोरी यांचीही कल्पना होती आणि ती कोणी पुसून टाकावी, हे त्यांना मान्य नव्हते. आमचे लक्ष जाते ते तिसऱ्या माणसाकडे. विस्कळीत कल्पनांना प्रसंगांची आणि संवादांची घडी घालून देणारा व्हिटिंगहॅम हाच त्या मंडळातील व्यवसायाने पटकथाकार. १९६५ साली मॅक्लोरी यांना निर्माता करून घेऊन 'थंडरबॉल' चित्रपट निघाला, तेव्हा श्रेयनामावलीत व्हिटिंगहॅम यांचे नाव आले. ते किती प्रेक्षकांनी वाचले असेल? चित्रपटाने तर अमाप पैसा मिळविला. लेखकावर अन्याय झाला म्हणून गल्ला रिकामा राहतो असे नाही. आणि म्हणूनच असा अन्याय पुनःपुन्हा होतो.

परंतु त्याची किंमत अन्य मार्गाने द्यावी लागली. तडजोडीप्रमाणे मॅक्लोरी यांना काही वर्षे थांबावयाचे होते. ती मुदत सरताच त्यांनी आपल्या हक्कांचा उपयोग सुरू केला. 'स्पेक्टर' टोळी कोणाची, यावर खटके उडाले आणि मूळ निर्मात्यांना सत्तरीच्या दशकापासून ते नाव सोडून द्यावे लागले. १९८३ साली तर जगाने दोन बाँड पाहिले: जून महिन्यात नेहमीच्या निर्मात्यांचा 'ऑक्टोपसी' आणि ऑक्टोबरात 'थंडरबॉल'च्याच कथेवर बेतलेला 'नेव्हर से नेव्हर अगेन'. 'ऑक्टोपसी'चा आमच्याशी थोडा संबंध आहे. ही मालिका तोवर हिंदुस्थानात आली नव्हती. कथा येथे घडवावी, ही सूचना पटकथाकार जॉर्ज मॅक्डॉनल्ड फ्रेझर यांची. त्याप्रमाणे १९८२ साली उदयपूरला चित्रण झाले आणि कबीर बेदी व टेनिसपटू विजय अमृतराज हे आपल्या ओळखीचे चेहरे बाँडच्या पडद्यावर दिसले. पटकथाकाराने कागदावर लिहिलेल्या एका सूचनेने सबंध चित्रपट कसा या खंडातून त्या खंडात जातो, हे यावरून ध्यानात येईल. 'थंडरबॉल'च्या भांडणाचा अखेरचा निकाल लागला तो नोव्हेंबर २०१३ मध्ये, मॅक्लोरी यांच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी, त्यांच्या वारसांशी झालेल्या करारान्वये. एका पुस्तकाच्या पहिल्या पानावर दोन नावे न छापल्याचा हा हिशेब अर्धशतकाहून अधिक काळ चालला.

इकडे प्रेक्षकांना दिलेले वायदेही मोडू लागले होते. 'गोल्डफिंगर'च्या आरंभीच्या काही प्रतींत पुढील चित्रपट म्हणून 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस'चे नाव होते; मॅक्लोरींशी जमले म्हणून आधी 'थंडरबॉल' आला. १९७७ च्या 'द स्पाय हू लव्हड मी'च्या अखेरीस 'फॉर युवर आइज ओन्ली'चे नाव झळकले. परंतु त्याच वर्षी 'स्टार वॉर्स'ने अंतराळाची लाट आणली आणि १९७९ साली आला तो 'मूनरेकर'. 'द स्पाय हू लव्हड मी'ची आणखी एक विशेष गोष्ट आहे. ही कादंबरी फ्लेमिंग यांना स्वतःलाच नकोशी झाली होती. त्यांनी चित्रपटासाठी केवळ शीर्षक वापरण्याची मुभा दिली होती, कथा नव्हे. त्यामुळे सारी गोष्ट नव्याने रचावी लागली. अनेक लेखकांचे हात लागले आणि अखेर ख्रिस्तोफर वूड व मेबॉम यांची नावे राहिली. पुढे तर कादंबऱ्या संपतच आल्या. आता घरी बसून पुस्तक वाचून पुढील चित्रपटात काय असेल, हे ताडता येईना. हा प्रतीक्षेचा तिसरा टप्पा. पूर्वीचा चाहता वाचक होता. आता तो केवळ तर्क करणारा झाला. पटकथा हीच एकमेव मूळ प्रत झाली आणि ती कुलूपबंद होती.

मेबॉम यांच्याविषयी दोन शब्द बोललेच पाहिजेत. पहिल्या सोळा बाँडपटांपैकी तेरांच्या पटकथेवर त्यांचे नाव आहे. शॉन कॉनरी की रॉजर मूर, या वादात ज्यांनी रात्री जागविल्या, त्यांतील किती जणांना मेबॉम हे नाव ठाऊक होते? नट बदलले, दिग्दर्शक बदलले. सत्तावीस वर्षे बहुतांशी बदलला नाही तो हा लेखक. १९८८ साली हॉलिवूडच्या लेखकसंघाने संप पुकारला, तेव्हा संघाचे सभासद या नात्याने मेबॉम यांनी लेखणी खाली ठेवली आणि 'लायसन्स टू किल'ची पटकथा मायकेल विल्सन यांनी पुरी केली. १९८९ साली तो चित्रपट आला. पुढे मालकीहक्कांच्या दाव्यांत सहा वर्षे एकही बाँडपट निघाला नाही. जानेवारी १९९१ मध्ये मेबॉम वारले. १९९५ साली 'गोल्डनआय' आला, तेव्हा शीतयुद्ध संपले होते, सोव्हिएत संघ उरला नव्हता. आता या हेराचे काम काय, ही शंका लोकांच्या मनात होती. पटकथाकारांनी ती टाळली नाही. बाँडच्या वरिष्ठपदी एक स्त्री आणली आणि तू गतयुगाचा अवशेष आहेस, असे तिच्याकडूनच त्याला सुनावले. सोन्याच्या हिशेबाची जुनी युक्तीच ही! प्रेक्षकाची शंका प्रेक्षकाआधी पात्राने बोलून दाखविली.

पटकथेवाचून चित्रपटाचे काय होते, याचा धडा २००७-०८ साली मिळाला. २००६ च्या 'कॅसिनो रोयाल'ने बाँडला पुन्हा आरंभापासून उभे केले होते. शेवटी त्याची प्रेयसी बुडून मरते आणि तिच्या विश्वासघातामागे कोण होते, हा प्रश्न उरतो. त्यामुळे 'क्वांटम ऑफ सोलेस' हा खऱ्या अर्थाने पुढील भाग ठरला; पहिला संपतो त्यानंतर तासाभरातच दुसरा सुरू होतो. लोकांची उत्कंठा शिगेला पोहोचली होती. अशात ५ नोव्हेंबर २००७ रोजी लेखकसंघाचा संप सुरू झाला. पटकथाकार पॉल हॅगिस यांनी आपला खर्डा त्यापूर्वी जेमतेम दोन तास आधी हवाली केला, असे त्या वेळी प्रसिद्ध झाले. जानेवारी २००८ मध्ये चित्रण सुरू झाले, तेव्हा संप चालूच होता. तो १२ फेब्रुवारीस मिटला. नायकाचे काम करणारे डॅनियल क्रेग यांनी पुढे स्वतःच सांगितले की, पटकथेचा केवळ सांगाडा हाती होता, आणि प्रसंग दिग्दर्शक मार्क फॉर्स्टर व आपण मिळून लिहीत गेलो. आपण काही लेखक नव्हे, हेही त्यांनी मोकळेपणाने कबूल केले. चित्रपट अवघा १०६ मिनिटांचा झाला. त्याने पैसा मिळविला, त्याचे चाहतेही आहेत. तथापि पाठलागामागून पाठलाग येतात आणि माणसे का पळत आहेत, हे समजण्यास उसंत मिळत नाही, ही तक्रार तेव्हापासून आजवर ऐकू येते. संपात लेखकांचे म्हणणे काय होते, हा स्वतंत्र विषय आहे. परंतु आपल्या कामाचे मोल ते याहून चांगल्या रीतीने सिद्ध करू शकले नसते.

याच्या उलट प्रसंग २०१४ सालचा. त्या वर्षी ४ डिसेंबर रोजी पुढील चित्रपटाचे नाव 'स्पेक्टर' असल्याचे जाहीर झाले. मॅक्लोरींच्या वारसांशी समेट झाल्याचे हे फळ. त्याच सुमारास सोनी कंपनीच्या संगणकांवर दरोडा पडला होता. पंधरवडा उलटण्यापूर्वीच निर्मात्यांना जाहीर करावे लागले की, चोरीच्या मालात पटकथेची एक आरंभीची प्रत आहे आणि तिला कायद्याचे संरक्षण आहे. कंपनीच्या अधिकाऱ्यांचा पत्रव्यवहारही फुटला आणि शेवटचा भाग त्यांनाच पसंत नव्हता, हे चव्हाट्यावर आले. ज्या कागदांसाठी लोक एवढे आतुर होते, ते कागद अखेर वाटेवर पडले! पुढे काय झाले? मिटक्या मारीत ते वाचणारे निघाले, तसे निश्चयाने डोळे मिटून घेणारेही निघाले. ज्यांनी वाचले त्यांच्या हाती लागला तो कच्चा खर्डा. त्यातील कोणते पान राहणार आणि कोणते जाणार, हे लिहिणाऱ्यांसही तेव्हा ठाऊक नव्हते. आम्हांस दोष दिसतो तो आणखी एका गोष्टीत. अर्धवट लिहिलेल्या मजकुराचे जगापुढे वाभाडे काढले जाणे, ही लेखकाच्या दृष्टीने फार मोठी विटंबना आहे. ज्याने कधी एखादे पत्र चार वेळा फाडून पाचव्यांदा लिहिले असेल, त्याला हे दुःख कळेल.

२०१८ साली पुन्हा तोच खेळ झाला. डॅनी बॉइल दिग्दर्शक आणि जॉन हॉज लेखक म्हणून ठरले. ऑगस्टमध्ये मतभेद होऊन बॉइल बाहेर पडले आणि हॉज यांची पटकथाही त्यांच्याबरोबर गेली. नवे दिग्दर्शक कॅरी फुकुनागा आले. निल पर्व्हिस व रॉबर्ट वेड हे जुने जोडीदार होतेच. पुढे फीबी वॉलर-ब्रिज यांनी हात फिरविला. चित्रपट तयार झाला, तर करोनाच्या साथीने प्रदर्शन दीड वर्ष लांबले. एवढे थांबल्यावर लोकांनी पाहिला तो बाँडचा मृत्यू. सीतास्वयंवराचा दाखला आम्ही आरंभी दिला. येथे बुवांनी आख्यानाचा शेवटच बदलला. साठ वर्षे जी एक गोष्ट निश्चित होती, तीच पटकथाकारांनी काढून घेतली. काहींना हे धैर्य वाटले, काहींना द्रोह. पण त्याचा परिणाम असा की, पुढील पटकथेची प्रतीक्षा पूर्वीपेक्षा निराळी झाली. आता 'कसा'च्या जोडीला 'काय'ही अज्ञात आहे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये या मालिकेची निर्मितीसूत्रे ब्रॉकली घराण्याकडून ॲमेझॉन एमजीएम या कंपनीकडे गेली. जून महिन्यात दिग्दर्शक म्हणून देनी व्हिलनव्ह यांचे नाव जाहीर झाले आणि जुलैच्या अखेरीस लेखक म्हणून स्टीव्हन नाइट यांचे. नायकाचे काम कोण करणार, हे ठरण्याआधी लेखकाचे नाव जगभरच्या वृत्तपत्रांनी छापले. ही साधी घटना नव्हे. मेबॉम तेरा चित्रपट लिहूनही अज्ञात राहिले. येथे एकही पान लोकांपुढे आले नसताना लेखकाची चर्चा सुरू झाली.

कोणी म्हणेल, हा सारा व्यापार आहे. उत्सुकता ताणून धरावयाची आणि तिकिटे खपवावयाची. आम्ही हे नाकारीत नाही. १९६३ साली 'परत येईल' अशी ओळ पडद्यावर आली, ती व्यापारासाठीच आली. परंतु व्यापाऱ्याने लावलेली सवय ग्राहकाला कधी कधी शहाणे करून सोडते. पहिला प्रेक्षक विचारीत असे, पुस्तकातले काय ठेवले? त्याच्या मुलाने विचारले, काय बदलले? नातू विचारतो, कोण लिहीत आहे, आणि त्याला लिहिण्यास पुरेसा वेळ दिला आहे काय? आमच्या मते या तीन प्रश्नांत तीन पिढ्यांची वाढ आहे. ज्या प्रेक्षकाला नायकाच्या सुटेबुटामागे टेबलाशी वाकून बसलेला एक मनुष्य दिसू लागला, तो व्हिटिंगहॅमसारख्यांची उपेक्षा तितक्या सहजपणे होऊ देणार नाही.

म्हणून अखेरीस एकच विनंती. आपल्यापैकी अनेकजण तो चित्रपट येईल तेव्हा पाहावयास जातील. संपताच खुर्च्यांचा खडखडाट करून दाराकडे धावण्याची आपली रीत आहे. त्या दिवशी क्षणभर बसून राहावे आणि नामावलीतील पटकथेच्या ओळीवर कोणाकोणाची नावे आहेत, तेवढी वाचून मग उठावे.